ड्रॅग केल्यावर कन्फर्म विचारायचं की अनडू द्यायचं? अपॉइंटमेंट सरकली की पेशंटला एसएमएस जातोय

फ्रीलान्सर_सांगली

नमस्कार मंडळी. एका डेंटल क्लिनिकला अपॉइंटमेंटचं वेब ॲप करून दिलंय. दोन खुर्च्या, तीन डॉक्टर, रिसेप्शनवर दिवसा एक ताई आणि संध्याकाळी एक मुलगा. कॅलेंडरसाठी फुलकॅलेंडर ही तयार जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरलीय, आठवड्याचा व्ह्यू दिवसभर उघडा असतो. अपॉइंटमेंटचं कार्ड उचलून दुसऱ्या वेळेवर टाकलं की इव्हेंटड्रॉपमधून (कार्ड सोडल्यावर चालणारा कोड) सर्व्हरला रिक्वेस्ट जाते, वेळ बदलते आणि त्याच रिक्वेस्टमधून पेशंटला एसएमएस जातो की तुमची वेळ बदलली आहे.

आता झालंय असं की ताईंच्या एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात माऊस, त्यांना कार्डवर नुसतं क्लिक करून नंबर बघायचा असतो पण क्लिक करता करता हात हलतो आणि कार्ड अर्धा तास खाली जातं नाहीतर शेजारच्या दिवसात जाऊन पडतं, त्यांच्या लक्षातही येत नाही कारण त्या फोनवर बोलत असतात. एक आजी रूट कॅनॉलच्या दुसऱ्या सिटिंगला बुधवारी यायच्या होत्या, त्या एसएमएस बघून मंगळवारी आल्या, एसटीने गावाहून, आणि त्यांचे डॉक्टर त्या दिवशी नव्हतेच. मला हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं, कारण चूक ताईंची नाही, मी बनवलेल्या स्क्रीनची आहे.

मग मी डॉक्युमेंटेशनमधल्या उदाहरणासारखंच केलं, ड्रॉप झाला की ब्राउझरचा कन्फर्म, म्हणजे 'नक्की का?' विचारणारा डायलॉग, आणि नको म्हटलं तर रिव्हर्ट, म्हणजे कार्ड परत जुन्या जागी. थोडे दिवस शांतता होती. परवा क्लिनिकमध्ये जाऊन तासभर मागे बसलो तर दिसलं की डायलॉग आला की ताई वाचतच नाहीत, हात सरळ एंटरवर जातो. विचारलं तर म्हणाल्या 'तो येतोच ना दर वेळी'. शिवाय संध्याकाळच्या मुलाची वेगळीच तक्रार, एखाद्या दिवशी कार्ड हलवलं की आपोआप परत जागेवर जातं, काही विचारत पण नाही.

प्रश्न दोन आहेत. कन्फर्म काढून अनडू दिलं तर गेलेल्या एसएमएसचं काय करायचं, तो तर परत घेता येत नाही. आणि ते आपोआप परत जाणं कशामुळे होतंय?

---

रात्रपाळी_डेव्ह

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते मी स्वतः भोगलंय. ब्राउझरचा कन्फर्म वारंवार यायला लागला की काही ब्राउझर त्यातच एक चेकबॉक्स दाखवतात, 'या पानाला आणखी डायलॉग दाखवू देऊ नका' अशा अर्थाचा. मुलाने कधीतरी वैतागून तो टिक केला असणार. त्यानंतर कन्फर्म दिसत तर नाहीच पण लगेच फॉल्स, म्हणजे 'नाही', परत देतो आणि तुमचा कोड बिचारा समजतो की युजरने नको म्हटलं, म्हणून रिव्हर्ट. पान रिफ्रेश केलं की पुन्हा चालतं, म्हणूनच 'एखाद्या दिवशी'. एवढ्या एका कारणासाठी तरी ब्राउझरचा कन्फर्म काढून टाका.

पहिल्या प्रश्नाबद्दल. दर वेळी येणारा प्रश्न म्हणजे प्रश्नच नाही, ती एक जास्तीची की झाली. ताई दिवसात पन्नास वेळा कार्ड मुद्दाम हलवत असतील आणि एकदा चुकून, तर त्या एका वेळेला डायलॉग अगदी तसाच दिसतो जसा उरलेल्या पन्नास वेळेला. वर ओके बटणावर फोकस आधीच असतो, एंटर मारलं की झालं.

गूगल कॅलेंडरमध्ये एकदा करून बघा. स्वतःपुरता इव्हेंट ओढला तर काही विचारत नाही, खाली कोपऱ्यात छोटी पट्टी येते आणि तिच्यात अनडू असतं. तोच इव्हेंट पाहुणे बोलावलेला असेल तर मात्र थांबवून विचारतं, पाहुण्यांना अपडेट पाठवायचं का. म्हणजे हलवण्याबद्दल त्यांना काहीच विचारायचं नाहीये, दुसऱ्या माणसापर्यंत बातमी जाणार आहे तिथेच फक्त विचारलंय. तुमचं दुखणं नेमकं तिथेच आहे.

---

डेटाबेसवाली

रात्रपाळीदादांचं पटलं, त्यात मागच्या बाजूचं सांगते.

तुमच्याकडे दोन कामं एका रिक्वेस्टमध्ये बांधलेली आहेत, वेळ बदलणं आणि कळवणं. वेळ बदलणं कितीही वेळा उलटं करता येतं, कळवणं एकदाही नाही. त्यामुळे आधी ती गाठ सोडवा. वेळ लगेच सेव्ह करा, एसएमएस मात्र लगेच नको, एका वेगळ्या टेबलात 'पाठवायचे आहेत' म्हणून नोंद टाका आणि किती वाजल्यानंतर पाठवायचं ते लिहून ठेवा, समजा आत्तापासून पाच मिनिटांनी. दर मिनिटाला क्रॉन किंवा वर्कर (सर्व्हरवर मागे आपोआप चालणारा प्रोग्राम) चालतो, वेळ झालेल्या नोंदी उचलतो आणि पाठवतो.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. अपॉइंटमेंटच्या टेबलात आणखी एक कॉलम ठेवा, पेशंटला शेवटची कळवलेली वेळ. वर्करने पाठवायच्या क्षणी अपॉइंटमेंट परत वाचायची आणि सध्याची वेळ या कॉलमशी ताडून बघायची. सारखीच असेल तर एसएमएस पाठवायचाच नाही, नोंद बंद करायची. वेगळी असेल तर पाठवायचा आणि कॉलम अपडेट करायचा. असं केलंत की अनडूच्या कोडला एसएमएसचं नावसुद्धा माहीत असायची गरज नाही. ताईंनी चुकून बुधवारचं मंगळवारी टाकलं, अनडू दाबलं, किंवा अनडू न दाबता हातानेच परत बुधवारी ओढलं, किंवा आधी सोमवार मग शुक्रवार मग परत बुधवार असा घोळ घातला, काहीही केलं तरी शेवटी कळवलेली वेळ आणि सध्याची वेळ एकच, म्हणून एसएमएस शून्य. आणि खरंच तीनदा हलवून चौथ्या जागी ठेवलं तर पेशंटला चार नाही, एकच एसएमएस.

बऱ्याच जणांना मी बघितलंय की हे फ्रंटएंडला, म्हणजे ब्राउझरमध्येच, सेटटाइमआऊट लावून करतात, दहा सेकंद थांबायचं आणि मग रिक्वेस्ट पाठवायची. तसं करू नका. दहा सेकंदात टॅब बंद झाला, लाईट गेली, लॅपटॉपचं झाकण मिटलं, तर स्क्रीनवर हललेली अपॉइंटमेंट सर्व्हरवर हललेलीच नसते आणि हे कोणालाच कळत नाही. थांबायचं काम सर्व्हरवर.

आणि 'चुकीचा गेला तर दुरुस्तीचा एसएमएस पाठवू' यावर विसंबू नका. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांमुळे आपल्याकडे असे एसएमएस पाठवायला हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (मजकुराचा साचा) दोन्ही डीएलटी या मोबाईल कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर रजिस्टर लागतात, 'माफ करा, आधीचा मेसेज चुकून गेला' हे वाक्य मंजूर टेम्प्लेटमध्ये नसेल तर ते पुढे जाणारच नाही. दुरुस्तीचं एक टेम्प्लेट आधीच मंजूर करून ठेवा, तरी पण पहिला चुकीचा वाचून निघालेल्या आजी दुसरा वाचतीलच असं नाही.

---

पंधरा_वर्षं_ओपीडीत

मी डेव्हलपर नाही, हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट डेस्कवर काम केलंय, आता तिथल्याच सॉफ्टवेअरच्या टीमला मदत करते. वरचं सगळं बरोबर आहे पण 'कन्फर्म वाईट, अनडू चांगलं' एवढ्यावर थांबू नका असं मला वाटतं.

अनडू कधी उपयोगी पडतं, तर चूक झाली हे कळलं तर. तुम्हीच लिहिलंय की ताईंच्या लक्षातच येत नाही. फोनवर बोलत असताना कोपऱ्यात पाच सेकंद पट्टी आली आणि गेली, तर त्या अनडूचा काय उपयोग? जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला पाच, दहा, वीस किंवा तीस सेकंद निवडता येतात, पण तिथे माणूस स्क्रीनकडे बघत असतो, आत्ता आपणच सेंड दाबलंय हे त्याला माहीत असतं. डेस्कवर तसं नसतं. समोर माणूस उभा, कानाला फोन, मागून डॉक्टर हाक मारतायत.

आमच्याकडे जे उपयोगी पडलं ते सांगते. हलवलेलं कार्ड, जोपर्यंत मेसेज गेलेला नाही तोपर्यंत, वेगळं दिसतं. कडेला तिरप्या रेघा आणि त्यावर लिहिलेलं 'आधी बुध ११:३०, अजून कळवलं नाही'. आणि जुन्या जागेवर फिकट सावली राहते. फोन ठेवून मान वर केली की डोळ्यात भरतं. पट्टी निघून जाते, कार्ड तिथंच असतं. अनडूचं बटण त्या कार्डवरच ठेवा.

दुसरं, सगळ्या हलवण्या सारख्या नसतात. पुढच्या आठवड्यातली अपॉइंटमेंट अर्धा तास इकडे तिकडे झाली तर विचारू नका. पण आज दुपारचीच अपॉइंटमेंट हलली, किंवा डॉक्टरच बदलले, तर थांबवून विचारायलाच हवं, आणि तिथे एसएमएसवर पण विसंबू नका, स्क्रीनने सांगावं की पेशंटला फोन करा आणि नंबर समोर ठेवावा. विचारताना पण 'तुम्हाला खात्री आहे का' असं नको. त्याला उत्तर हो एवढंच असतं. विंडोजमध्ये फाईल उजव्या बटणाने ओढून सोडली की तिथल्या तिथे छोटा मेनू येतो ना, इथे कॉपी करा, इथे हलवा, रद्द करा, तसं विचारा. 'हलवा आणि कळवा', 'हलवा, फोन मी करते', 'राहू दे'. तीन वेगळी उत्तरं असली की माणसाला वाचावंच लागतं.

---

पिक्सेल_मोजणारा

सगळे चूक झाल्यानंतरचं बोलतायत, चूक होऊच नये यासाठी पण थोडं करा.

फुलकॅलेंडरमध्ये इव्हेंटड्रॅगमिनडिस्टन्स नावाचं सेटिंग आहे, डिफॉल्ट ५ पिक्सेल. म्हणजे माऊस दाबून पाच पिक्सेल सरकला की ड्रॅग सुरू. फोन धरून क्लिक करणाऱ्या माणसाचा हात एवढा सहज हलतो. १५ करून बघा. टचवर वेगळा हिशोब, तिथे लाँगप्रेस लागतो आणि तो डिफॉल्टला १००० मिलिसेकंद आहे, तो कमी करायच्या फंदात पडू नका.

इव्हेंटअलाऊ हा कॉलबॅक (कार्ड इथे टाकू द्यायचं का ते ठरवणारं फंक्शन) पण बघा, त्यात फॉल्स दिलं की तिथे टाकताच येत नाही. डॉक्टर नसलेला दिवस, होऊन गेलेली वेळ, जेवणाची सुट्टी, सगळं तिथेच अडवायचं. तुमच्या आजींचा मंगळवार यातच अडला असता, डॉक्टर नव्हतेच ना त्या दिवशी. चुकीच्या जागी टाकल्यावर लाल डायलॉग दाखवण्यापेक्षा कार्डाला तिथे बसूच न देणं मला जास्त सभ्यपणाचं वाटतं.

---

फ्रीलान्सर_सांगली

खरंच मनापासून आभार सगळ्यांचे. पाच पिक्सेलचं मला माहीतच नव्हतं आणि इव्हेंटअलाऊ मी कधी उघडून बघितलं नाही, डॉक्टरांच्या सुट्ट्या डेटाबेसमध्ये होत्या फक्त स्क्रीनला सांगितल्या नव्हत्या. चेकबॉक्सचं पण बरोबर निघालं, मुलाने कबूल केलं की त्याने टिक केला होता.

ताई (डेटाबेसवाली), तुमचा कळवलेल्या वेळेचा कॉलम आज रात्रीच टाकतोय. एकच शंका, अनडू दाबेपर्यंत जुन्या जागेवर दुसऱ्या कोणी वेगळा पेशंट टाकला तर? डॉक्टर पण आपल्या मोबाईलवरून कॅलेंडर उघडतात. आणि अनडूसाठी तेच रिव्हर्ट वापरू का जे इव्हेंटड्रॉपमध्ये मिळतं, ते साठवून ठेवलं तर?

---

डेटाबेसवाली

रिव्हर्ट साठवून ठेवू नका. तो फक्त स्क्रीनवर ड्रॅगच्या आधी जे होतं ते परत ठेवतो, सर्व्हरवर काय आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. सर्व्हरने तिथल्या तिथे नकार दिला तर रिव्हर्ट ठीक. पण तीन मिनिटांनी अनडू दाबलं आणि मधल्या काळात डॉक्टरांनी तीच अपॉइंटमेंट आणखी कुठे नेली असेल, तर रिव्हर्ट जुनं चित्र काढून दाखवेल आणि खरं काही वेगळंच असेल.

अनडू म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने आणखी एक साधी हलवण्याची रिक्वेस्टच, फक्त उलट्या दिशेची. प्रत्येक अपॉइंटमेंटला व्हर्जन नंबर ठेवा, बदल झाला की एकने वाढतो. अनडू पाठवताना सोबत 'मी व्हर्जन ७ बघून हे करतोय' असं पाठवायचं. सर्व्हरवर अजून ७ च असेल तर हलवा, पुढे गेला असेल तर ४०९ (दोन बदल एकमेकांना भिडले असं सांगणारा एरर कोड) द्या आणि स्क्रीनवर माणसाच्या भाषेत सांगा की ही वेळ मधे डॉक्टरांनी बदलली आहे. जुन्या जागी दुसरा पेशंट बसला असेल तरी तेच, जबरदस्तीने दोघांना एका खुर्चीवर बसवू नका, सांगा की ११:३० ला आता दुसरे पेशंट आहेत आणि जवळच्या मोकळ्या वेळा दाखवा. ओपीडीवाल्या ताईंनी सांगितलेली फिकट सावली इथे पण कामाला येते, जोपर्यंत कळवलं नाही तोपर्यंत जुनी जागा धरून ठेवली तर हा प्रसंगच क्वचित येईल.

वर्करमध्ये एक काळजी घ्या. तो नोंद उचलतोय आणि त्याच क्षणी कोणी अनडू दाबलं असं होऊ शकतं. उचलताना एकाच अपडेट क्वेरीत स्थिती 'थांबलेली' वरून 'पाठवतोय' करा, आधी सिलेक्ट मग अपडेट असं दोन पायऱ्यांत नको. आणि एकदा 'पाठवतोय' झालं की स्क्रीनवर कार्डावरचं अनडू बटण काढा. गेलेल्या मेसेजनंतर अनडू दिसत राहिलं तर माणूस समजतो की सगळं पूर्ववत झालं, आणि पेशंटच्या फोनवर मात्र चुकीची वेळ असते. तिथून पुढे परत हलवलं तर तो नवीन बदल, त्याचा नवीन एसएमएस.

कंट्रोल झेड देणार असाल तर ज्याने हलवलं त्याचाच शेवटचा बदल उलटा व्हायला हवा, डॉक्टरांनी केलेला ताईंच्या कीबोर्डने नाही. आणि नोट्सच्या बॉक्समध्ये टायपिंग चालू असेल तर कंट्रोल झेडला हात लावू नका, तिथे तो ब्राउझरचा.

---

कानाने_वाचणारा

मी एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर (स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरून कॉम्प्युटर चालवतो, दिसत नाही मला. या धाग्यात आत्तापर्यंत सगळे उपाय बघता येणाऱ्या आणि माऊस धरता येणाऱ्या माणसासाठी आहेत म्हणून लिहितोय.

ड्रॅग हा एकच रस्ता ठेवू नका. कार्ड उघडलं की 'वेळ बदला' असं साधं बटण, त्यात तारीख, वेळ आणि डॉक्टर निवडायचे, सेव्ह. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून असलेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या निकषांच्या यादीत २.५.७ हा निकष याचसाठी घातलाय, ओढून जे करता येतं ते न ओढता नुसत्या क्लिकने पण करता आलं पाहिजे, डबल ए या मधल्या पातळीवर. कीबोर्डचा नियम तर त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. आणि हे फक्त माझ्यासारख्यांसाठी नाही, ज्याचा हात थरथरतो त्याच्यासाठी आहे, ज्या ताईंच्या एका हातात फोन आहे त्यांच्यासाठी पण आहे. मला तर वाटतं त्या ताई बटण मिळालं तर ओढणं स्वतःहून कमी करतील.

अनडूच्या पट्टीबद्दल. ती आली हे मला कळायला हवं म्हणून तिला एचटीएमएलमध्ये रोल स्टेटस ही खूण द्या, म्हणजे स्क्रीनरीडर हातातलं वाचून झालं की ती वाचतो. पण फोकस ओढून तिच्यावर नेऊ नका, मी कुठे होतो तेच हरवतं. मजकूर पूर्ण लिहा. 'सेव्ह झालं' ऐकून मला काय कळणार? 'रूट कॅनॉल, बुधवार साडेअकरावरून मंगळवार साडेअकराला नेलं, अजून कळवलं नाही' हे ऐकलं की चूक लगेच कळते. आणि पट्टी पाच सेकंदात गायब होणारी असेल तर मी टॅब करत करत बटणापर्यंत पोचेपर्यंत ती गेलेली असते, असं माझं रोज होतं वेगवेगळ्या साइटवर. म्हणून कार्डावरचं बटण ही कल्पना मला सगळ्यात आवडली, ती जागा सोडून जात नाही.

---

फ्रीलान्सर_सांगली

तीन आठवड्यांनी परत लिहितोय, कारण कोणी नंतर हा धागा शोधत आला तर पुढे काय झालं ते कळावं.

कन्फर्म पूर्ण काढला. ड्रॅगचं अंतर १५ केलं, डॉक्टर नसलेल्या वेळा इव्हेंटअलाऊने बंद केल्या. एसएमएस सर्व्हरवर पाच मिनिटं थांबतो, कळवलेल्या वेळेशी ताडून मगच जातो. कार्डाला तिरप्या रेघा, जुन्या जागी सावली आणि कार्डावरच 'पूर्ववत करा'. आजची अपॉइंटमेंट किंवा डॉक्टर बदलला तरच तो तीन पर्यायांचा छोटा मेनू. 'वेळ बदला' बटण पण आहे, आणि कानाने_वाचणारा म्हणाले तसंच झालं, ताई आता जास्त करून तेच वापरतात, ओढायला भीतीच वाटायची म्हणाल्या.

वर्करची नोंदवही बघितली तर त्यात 'वेळ सारखीच, पाठवला नाही' अशा बऱ्याच ओळी आहेत. प्रत्येक ओळ म्हणजे आधी एक चुकीचा एसएमएस गेला असता. परवा त्या आजींचं तिसरं सिटिंग होतं, बुधवारीच आल्या.

एक राहिलंय. पाच मिनिटं ताईंना थोडी जास्त वाटतात, कधीकधी पेशंट फोनवरच असतो आणि म्हणतो मेसेज आला नाही अजून. म्हणून कार्डावर 'आत्ताच कळवा' असं बटण देतोय, ते दाबलं की नोंदीची वेळ आत्ताची होते आणि वर्कर पुढच्या फेरीत उचलतो.

---

पंधरा_वर्षं_ओपीडीत

ते बटण 'पूर्ववत करा'च्या शेजारी चिकटवू नका, कार्डाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. हात तिथेही हलतो.